पाकीट फुटण्यापूर्वी

ऑस्कर कोणाला मिळणार हे आधी सांगणे ही एक विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे तिचीही सुरुवात त्यागाने होते. पहिला त्याग चित्रपटांचा. या क्षेत्रात ज्यांना नाव कमवायचे आहे त्यांनी नामांकन मिळालेले चित्रपट चुकूनही पाहू नयेत. पाहिलेला चित्रपट आवडतो किंवा आवडत नाही, आणि एकदा आवडनिवड शिरली की अंदाज नासतो. कोणता चित्रपट चांगला आहे हे आपल्याला कोणी विचारलेलेच नाही. सुमारे दहा हजार अनोळखी माणसे कोणत्या चित्रपटाला चांगले म्हणतील एवढेच आपल्याला सांगायचे आहे, आणि त्या दहा हजारांनी तरी सगळे चित्रपट पाहिले असतील असे समजण्याचे कारण नाही. अंतिम फेरीत मत देण्यापूर्वी त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असा नियम ऑस्कर देणाऱ्या अकादमीने केला तो 2025 साली. पहिला सोहळा झाला होता 1929 साली. मधली शहाण्णव वर्षे मतदारांच्या सदसद्विवेकबुद्धीवर काढली गेली. आपल्यावर तर अजूनही असला कोणताच नियम लागू नाही.

हा सल्ला मी कोणत्या अधिकाराने देत आहे, असे आपण विचाराल. इंदुरात रामबागेच्या बाजूला आमचे दहा जणांचे एक मंडळ आहे. दरवर्षी सोहळ्याच्या आदल्या रविवारी प्रत्येक जण आपापला कागद भरून देतो, आणि सोमवारी सकाळी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो सगळ्यांना पोहे खिलवतो. या मंडळात मी गेली पंधरा वर्षे न चुकता चित्रपट पाहून कागद भरत आलो आहे आणि न चुकता पोह्यांचे पैसे देत आलो आहे. अनुभव म्हणतात तो यालाच.

थोडा इतिहास जवळ असावा. चार लोकांत उपयोगी पडतो. पहिला सोहळा जेमतेम पंधरा मिनिटांत आटोपला होता आणि विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली होती, त्यामुळे भविष्य सांगणाऱ्यांना त्या काळात काही कामच नव्हते. (त्याच वर्षी आमच्या इंदुरात लता मंगेशकरांचा जन्म झाला, आणि त्याचाही अंदाज कोणी वर्तवला नव्हता.) पुढे नावे गुप्त ठेवून फक्त वर्तमानपत्रांना आगाऊ कळवण्याची पद्धत पडली. 1940 साली लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने ती संध्याकाळच्या आवृत्तीतच छापून टाकली, आणि पाहुणे सभागृहात पोचले ते निकाल वाचून. पुढच्या वर्षापासून बंद पाकिटे आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ तेव्हापासून झाकलेली आहे, आणि आपला सगळा मान तिच्याच जिवावर चालतो.

आता प्रत्यक्ष साधनेकडे वळू. आपल्याजवळ नियमांचा भरपूर साठा हवा, आणि प्रत्येक नियम ‘आजवर कधीही’ या शब्दांनी सुरू व्हायला हवा. दिग्दर्शनाचे नामांकन नसलेला चित्रपट आजवर कधीही सर्वोत्कृष्ट ठरत नाही, हा त्यातला एक तेजस्वी नियम. 1990 मध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ने तो मोडला होता, पण त्यानंतर वीसहून अधिक वर्षे तो असा काही टिकला, की लोक त्याला निसर्गनियम समजू लागले. 2013 मध्ये ‘आर्गो’ जिंकला, 2019 मध्ये ‘ग्रीन बुक’ जिंकला, 2022 मध्ये ‘कोडा’ जिंकला, आणि तिन्ही चित्रपटांच्या दिग्दर्शकांना नामांकन नव्हते. अशा प्रसंगी डगमगू नये. नियम मोडला की त्याला अपवाद म्हणावे, दुसऱ्यांदा मोडला की विशेष अपवाद म्हणावे, आणि तिसऱ्यांदा मोडला की संकलनाचे नामांकन नसलेला चित्रपट जिंकत नाही, असे बोलायला लागावे. संकलनाचा नियमही 2015 मध्ये ‘बर्डमॅन’ने मोडलेला आहे, पण तो विषय आपण होऊन काढू नये.

नियमांखालोखाल महत्त्व आहे करुणेचे. एखाद्या कलावंताला वारंवार नामांकन मिळते आणि बाहुली काही हाती लागत नाही, तेव्हा ‘आता तरी देतीलच’ असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि आपणही तो आवरू नये. छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनाला, 2018 साली, ऑस्कर मिळाले. मार्टिन स्कॉर्सेसी यांचे दिग्दर्शनाचे भिजत घोंगडे 2007 मध्ये एकदाचे वाळले. हीच करुणा मनात ठेवून 2019 साली साऱ्या जगाने ग्लेन क्लोज यांचे नाव लिहिले आणि ऑस्कर गेले ऑलिव्हिया कोलमन यांच्याकडे. ग्लेन क्लोज यांची आठ नामांकने झाली आहेत आणि बाहुली एकही नाही. मी त्यांचे नाव दोनदा लिहिले आहे, म्हणजे आमच्या दुःखाचा हिशेब बराचसा जुळतो.

गणिताची आवड असेल तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मतमोजणी समजून घ्यावी. ती खरोखरच रंजक आहे, आणि समोरच्याला गप्प बसवायला तिच्यासारखे शस्त्र नाही. इतर विभागांत ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. या एका विभागात मात्र, 2010 च्या सोहळ्यात नामांकने पाचावरून दहावर नेली तेव्हापासून, मतदार चित्रपटांना पसंतीक्रम देतात. आमच्या मंडळात हे कोणालाच कळेना, तेव्हा एका सोमवारी न्याहारीलाच मतदान घेतले. दहा जणांत पहिली पसंती कचोरीला चार, पोह्यांना तीन, खोपरा पॅटिसला दोन, आणि साबुदाण्याच्या खिचडीला एक, कारण त्या दिवशी एका काकूंचा उपास होता. सरळ मोजणीत कचोरी जिंकली असती. पण अर्ध्याहून जास्त मते कोणालाच नव्हती, म्हणून सर्वांत मागे असलेली खिचडी बाद झाली आणि काकूंची दुसरी पसंती धरली गेली. ती पोह्यांना होती. (उपासाला पोहे कसे चालतात, हे आम्ही विचारले नाही, मतदान गुप्त असते.) पोहे चार झाले. मग पॅटिस बाद झाले, आणि त्या दोघांनीही दुसऱ्या क्रमांकावर पोहेच लिहिले होते, कारण इंदुरात पोह्यांचा राग कोणालाच नसतो. पोहे सहा, कचोरी चारच्या चारच. कचोरीवाले दिवसभर घुश्शात होते.

यातून आपण एवढेच घ्यावे, की ज्या चित्रपटावर काही लोक जीव टाकतात आणि उरलेले नाक मुरडतात, तो कचोरी असतो. ज्याच्याविषयी कोणाचेच फारसे काही म्हणणे नसते, त्या चित्रपटावर जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा आमचा इंदुरी मसाला, भुरभुरून त्याचे नाव लिहावे. 2019 मध्ये ‘रोमा’ला मागे टाकून ‘ग्रीन बुक’ आला तो असाच, हे खुशाल ठणकावून सांगावे. आपल्याला कोणीही खोटे पाडू शकत नाही, कारण मतांचे आकडे अकादमी कधीच जाहीर करत नाही. तरीदेखील 1958 मध्ये ‘मदर इंडिया’चे ऑस्कर अवघ्या एका मताने हुकले, हे भारतातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. न मोजून दाखवलेल्या मतांतले एक मत नेमके हेरणारा हा देश आहे. भविष्यकथनात आपल्याला परक्यांकडून शिकण्यासारखे फारसे काही नाही.

देशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. भारताची अधिकृत प्रवेशिका जाहीर झाली की त्याच दिवशी ‘या वर्षी नक्की’ असे म्हणून मोकळे व्हावे. मराठी माणसाला याचा सराव भरपूर आहे. ‘श्वास’ गेला तेव्हा आपण नक्की म्हटले होते, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ गेला तेव्हा म्हटले होते, ‘कोर्ट’ गेला तेव्हाही म्हटले होते, आणि तिन्ही वेळा नामांकनाच्या यादीत आपण नव्हतो. ‘लगान’ पाचांत पोचला, तेव्हा दिग्दर्शक गोवारीकर आहेत हे आम्ही शेजारच्या अग्रवालांना आठवडाभर सांगत होतो. अलीकडे ‘लापता लेडीज’ गेला. त्याचे चित्रीकरण सीहोरकडचे, म्हणजे भोपाळला जाताना लागणाऱ्या आमच्या शेजारगावचे, तेव्हा आमची खात्री दुप्पट होती. डिसेंबर 2024 मध्ये पंधरा चित्रपटांची यादी आली. तिच्यात तो नव्हता, आणि एक हिंदी चित्रपट मात्र होता, जो ब्रिटनने पाठवला होता. मन खट्टू झालेच तर भानू अथैया यांचे नाव घ्यावे. कोल्हापूरच्या या बाईंनी 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी भारतातले पहिले ऑस्कर आणले, आणि त्या वर्षी आपल्यापैकी कोणी तसा अंदाज वर्तवला असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लघुपट आणि लघुमाहितीपट यांबाबत सल्ला थोडक्यात: ज्याचे नाव उच्चारता येते ते लिहावे. 2023 मध्ये ‘नाटू नाटू’ आम्ही दहाच्या दहा जणांनी बरोबर लिहिले, म्हणून त्याचा कोणालाच काही फायदा झाला नाही. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ मात्र एकानेच लिहिले होते, आणि तेही हत्ती आवडतात म्हणून.

राहता राहिले हॉलिवूडच्या संघटनांचे पुरस्कार. दिग्दर्शकांची संघटना ज्याला निवडते त्यालाच बहुधा ऑस्कर मिळते, कारण मत देणारी माणसे काही प्रमाणात तीच असतात. हे इतके सोपे आहे, की स्वाभिमानी भविष्यवेत्त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आमच्या मंडळातले मामा जातात. सोयाबीनच्या दलालीत त्यांची हयात गेली, इंग्रजी चित्रपट त्यांनी शेवटचा कधी पाहिला ते त्यांनाही आठवत नाही, आणि कागद भरण्याच्या दिवशी ते भाच्याला एकच प्रश्न विचारतात: “भाव काय चाललाय?” भाचा परदेशातल्या सट्टेवाल्यांचे भाव वाचून दाखवतो आणि मामा प्रत्येक विभागात ज्याचा भाव सर्वांत कमी, म्हणजे जिंकण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्यापुढे खूण करतात. दहा मिनिटांत कागद पुरा होतो. मामा बहुतेक वर्षी पहिले येतात. याला विद्या म्हणता येणार नाही, एवढे मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे, पोहे त्यांच्या हातात देताना.

खरे तर इंदूरकरांना अचूक भाकिताची सवय आहे. देशातले सर्वांत स्वच्छ शहर कोणते, याचे उत्तर आम्ही 2017 पासून निकालाआधीच सांगत आलो आहोत. 2023 च्या सर्वेक्षणात सुरत आमच्या बरोबरीने पहिली आली तेव्हा तेवढे मन दुखावले. पण 1969 मध्ये कॅथरीन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसंड यांनाही अभिनेत्रीचे ऑस्कर वाटून घ्यावे लागले होते, हे आठवून आम्ही सावरलो.

शेवटची तयारी निकालानंतरची. दोन स्पष्टीकरणे खिशात ठेवून बसावे, एक बरोबर आल्यास आणि एक चुकल्यास, आणि दोन्हींची सुरुवात ‘मी म्हटलेच होते’ अशी असावी. चुकण्यात कमीपणा नाही, थोरामोठ्यांचे चुकते. 2021 मध्ये सोहळ्याच्या आयोजकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट आधी उरकून अभिनेत्याचे पारितोषिक अगदी शेवटी ठेवले, आणि दिवंगत चॅडविक बोसमन यांच्या नावाने सांगता होणार असे साऱ्यांनी धरले. पाकिटातून निघाले अँथनी हॉपकिन्स, वय वर्षे 83, जे सभागृहात नव्हतेच. आभाराच्या भाषणावाचून सोहळा संपला.

आणि पाकीट फुटले तरी घाई करू नये, हे मात्र मनापासून सांगतो. 27 फेब्रुवारी 2017 चा सोमवार. सकाळचे साडेदहा वाजत आले होते, पोह्यांच्या दुकानाच्या बाकावर जिरावणाच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही दहाही जण वाकून बसलो होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची आमची वेगळी पैज असते: ज्याचे चुकेल त्याने जलेबी द्यायची. ‘ला ला लँड’चे नाव पुकारले गेले. नऊ जणांच्या कागदावर तेच होते. ‘मूनलाइट’ लिहिले होते फक्त ताईंनी, ज्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या आहेत. मामांनी लगेच किलोभर सांगितली, दुकानदाराने ती तोलली, ताईंनी निमूटपणे पैसे दिले. मंचावर आभाराची भाषणे चालू होती आणि आमच्या बोटांना पाक लागलेला होता, तेवढ्यात तिकडे धावपळ दिसू लागली. चुकीचे पाकीट हातात गेले होते. ते अभिनेत्रीच्या पारितोषिकाचे, आधीच फुटलेल्या पाकिटाचे जुळे होते. विजेता ‘मूनलाइट’.

ताईंनी हात पुढे केला. मामांनी उरलेली जलेबी तोंडात टाकली आणि म्हणाले, “माल उचलला की सौदा पक्का.”

किशोरकुमार यांची ख्रिश्चन कॉलेजच्या कँटीनमधली पाच रुपये बारा आण्यांची उधारी इंदुरात आजही सांगतात. ताईंचा कागद दरवर्षी सर्वांत आधी येतो आणि त्यावर नावांच्याही वर, सुवाच्य अक्षरात, एक ओळ असते: मागील बाकी, जलेबी, एक किलो.