मासे अजून यायचे आहेत

आमच्या हॉलमध्ये गणपतीपासून दसऱ्यापर्यंत एक फिश टँक होता आणि त्यात एकही मासा नव्हता. पाणी होतं, तळाला खडी होती, कोपऱ्यात दोन-चार पाणवनस्पती होत्या, स्पंजचा फिल्टर मन लावून बुडबुडे काढत होता, झाकणातला दिवा वेळेवर लागत होता. मासे तेवढे नव्हते. आणि हे सगळं वडोदऱ्यात, जिथे दार उघडं दिसलं की माणूस आत येतो, आत आला की बसतो आणि बसला की समोर जे दिसेल त्यावर बोलतो.

"माछली क्यां छे?"

हा प्रश्न त्या काळात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की पुढे पुढे बेल वाजली की दार उघडतानाच सांगून टाकायचो, "अजून यायचे आहेत." एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर, बरोबर," आणि सही घेऊन गेला. इतक्या समजूतदारपणे माझ्याशी तेव्हा घरातलंही कोणी वागत नव्हतं.

खरं तर माझी बाजू शास्त्राची होती. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे वाहून जातं, दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाच्या काचेत कुठे जाणार? ते खायला विशिष्ट जिवाणू लागतात. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिली दोन्ही माशाला विषारी. नायट्रेट त्यामानाने गरीब, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू आपोआप येतात, पण सावकाश. साधा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, यांना त्यासाठी पंधरा-वीस तास, कधी दिवसही लागतो. म्हणून नवा टँक चार ते सहा आठवडे जिवाणूंसाठी चालवायचा आणि मग मासे आणायचे. दुसऱ्या कुणाच्या जुन्या टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं, ते विरजण. आमच्या ओळखीत कुणाकडेच विरजण नव्हतं.

दुकानदाराचं शास्त्र वेगळं होतं. "आज टँक, आज माछली. कांई नहीं थाय." त्याचं बरोबरच आहे. कांई झालं तर गिऱ्हाईक दुसरी माछली घ्यायला त्याच्याकडेच जाणार.

टँक आणला भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आसपास. त्यात पंचावन्न लिटर पाणी, म्हणजे पंचावन्न किलो, वर काच आणि खडी. आईच्या शोकेसवर ठेवायचा बेत तिथेच मोडला आणि लोखंडी स्टँड आला. पाणी भरल्यावर तीन-चार दिवसांत ते दुधाळ झालं. असं होतंच, नव्या पाण्यात भलतेच जिवाणू आधी वाढतात आणि मग आपोआप बसतात. पण घरात गौरी जेवायच्या होत्या. आई पंचामृताची वाटी हातात घेऊन टँकपाशी थबकली आणि मला म्हणाली, "यात दूध कोणी ओतलं?"

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची छोटी मुलगी आली. मागे तिचे आईवडील, हातात ताट, ताटात शाडूचा वीतभर गणपती. आमच्याकडे पूर्वी विसर्जन सुरसागर तलावात व्हायचं, आता पालिका कृत्रिम तलाव करते. काही जण घरीच बादलीत करतात. या मंडळींनी येताजाता आमच्या हॉलमधलं ते प्रकाशमान, बुडबुडे सोडणारं रिकामं पाणी पाहिलं होतं आणि सोसायटीत कुणीतरी फार सुंदर सोय केली आहे असा त्यांचा समज झाला होता. मुलगी "गणपती बाप्पा मोरया" म्हणत सरळ स्टँडकडे चालू लागली. मी आडवा आलो. देवाच्या आणि पाण्याच्या मध्ये मी उभा, मागे आमची आई, तिच्या मागे मोदकाचा वास. मी अमोनिया म्हणालो, जिवाणू म्हणालो, शाडू पाण्यात विरघळल्यावर स्पंजची छिद्रं बुजतात असंही म्हणालो. मुलीच्या वडिलांनी फार सौम्यपणे विचारलं, "म्हणजे हे फक्त तुमच्याच गणपतीसाठी आहे का?"

शेवटी विसर्जन आमच्या बादलीत झालं. आरती टँकसमोरच झाली, कारण तिथे उजेड चांगला होता. ते गेल्यावर आई म्हणाली, "करू द्यायचं होतंस. असंही रिकामंच आहे."

जिवाणूंना उपाशी ठेवून चालत नाही. मासे नाहीत, म्हणजे अमोनिया नाही, म्हणजे जिवाणूंना जेवण नाही. म्हणून रोज सकाळी माशांच्या खाण्याची चिमूट त्या रिकाम्या पाण्यात सोडायची. ते कुजतं आणि काम होतं. यात हास्यास्पद काही नाही, फक्त तेव्हा पितृपक्ष लागला होता. ग्वाल्हेरची आत्या राहायला आली होती. सकाळी अंघोळ करून मी पाण्यात अन्न सोडतो आहे आणि गप्प उभा राहून बघतो आहे, हे दृश्य तिने पहिल्याच दिवशी पाहिलं.

"कोणाचं आहे रे आज?"

"नायट्रोसोमोनासचं," मी म्हणालो. ते जिवाणूचं नाव.

आत्या जरा विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "आपल्यातले का?"

बाबा मात्र माझ्या बाजूचे निघाले, आणि तेही अनपेक्षित कारणाने. पाणी तपासायची एक पेटी मिळते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया नसला तर पिवळा, असला तर हिरवा. बाबांना बरीच वर्षं मधुमेह. थेंब, आकडा आणि वही या तिन्ही गोष्टींवर त्यांचा जीव. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "उपाशीपोटी घेतलंस की खाणं टाकल्यावर?" प्रश्न हसण्यासारखा असला तरी चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या साखरेच्या वहीत एक नवीन रकाना आला. डाव्या बाजूला त्यांची सकाळची साखर, उजव्या बाजूला टँकचा अमोनिया. टँकचा आकडा वाढला की त्यांना बरं वाटायचं. निदान घरात आणखी कुणाचा तरी वाढतोय.

पितृपक्ष संपता संपता अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढलं. हे माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बिघडवतं की रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्राइट नसलं तर नळी आकाशी, असलं तर जांभळी. आमची नळी जांभळी झाली आणि तशीच राहिली. नवरात्र सुरू झालं. घरात रोज साडीचा रंग ठरलेला, पांढरा, लाल, निळा, पिवळा. रात्री अख्खं वडोदरा गरब्याला जाऊन पहाटे परत येत होतं, रंग बदलत होते, चनिया-चोळ्या बदलत होत्या. माझी नळी आठ दिवस एकाच रंगात उभी. बायको गरब्याहून येऊन चपला काढता काढता विचारायची, "आज कोणता?" मी म्हणायचो, "जांभळाच." ती "अरेरे" म्हणून झोपायला जायची.

याच दिवसांत वरच्या मजल्यावरचे भाई रोज चक्कर टाकू लागले. त्यांना माझी काळजी वाटत होती. पुरीभाजी नाहीतर सेव-उसळ खाऊन यायचे, टँकसमोर खुर्ची ओढायचे आणि रिकाम्या पाण्याकडे बघत सुस्कारा टाकायचे. "एक माछली नाखो ने, बापडी रमशे." म्हणजे एक मासा टाका, बिचारा खेळेल. मी नकार दिला की त्यांचा ठरलेला दाखला यायचा. "विश्वामित्रीनुं पाणी जोयुं छे? मगर जलसा करे छे."

यावर बोलणं कठीण असतं. आमच्या गावातून विश्वामित्री वाहते, तिच्यात मगरी राहतात, आणि 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या लोकांच्या सोसायट्यांपर्यंत येऊन गेल्या. त्या पाण्याचा अमोनिया मोजायला मी गेलेलो नाही आणि जाणारही नाही. मी समजावलं की मगर नाकाने हवा घेते, तिला फुप्फुसं आहेत, पाण्यात काय विरघळलंय याच्याशी तिचा संबंध माशासारखा नाही. मासा तेच पाणी कल्ल्यांतून रक्ताला लावतो. भाईंनी सगळं ऐकलं. म्हणाले, "तो मगर राखो."

नवमीला नळी आकाशी झाली. बाबांनी वहीत तारीख टाकून खाली रेघ मारली.

आता पाणी बदलायचं होतं, साठलेलं नायट्रेट काढायला. आणि इथे घरात खरं भांडण झालं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारतं, म्हणूनच आपण जिवंत आहोत. पण मी अख्ख्या गावात एकटाच माणूस होतो ज्याने जंतू महिनाभर खाऊ-पिऊ घालून वाढवले होते. शिवाय क्लोरीन कल्ल्यांना भाजतं. म्हणून नव्या पाण्यात सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकायचे, क्लोरीन जागच्या जागी निष्प्रभ होतं. मी बाटली उघडली आणि म्हणालो, "हे पाणी असंच घातलं तर विष आहे."

आई ताडकन उठली. आमच्या नळाला आजव्याचं पाणी येतं. आजवा सरोवर सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरासाठी बांधून घेतलं. दांडिया बाजारात, म्हणजे इथल्या जुन्या मराठी वस्तीत, वाढलेल्या बाईसमोर महाराजांच्या पाण्याला विष म्हणायचं नसतं. हे मला माहीत होतं, पण महिनाभराच्या श्रमांनी जीभ सैल झाली होती. "तुझ्या आजोबांनी हेच पाणी पिऊन दरबारात नोकरी केली." मी म्हणालो, महाराजांचं पाणी उत्तमच, क्लोरीन नंतर पालिका घालते. "मग पालिकेला शिव्या दे." ते मात्र तिने आणि मी मिळून बराच वेळ केलं, त्यामुळे घरात शांतता झाली.

दसऱ्याला मासे आले. गप्पीच. शाळेच्या पुस्तकात डासांच्या अळ्या खाताना भेटलेले तेच, फक्त शेपट्या जरा ऐटबाज. इथलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, गप्पीला जड पाणी मानवतं, तेव्हा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले निऑन टेट्रा आणून त्यांना आजवा पाजायचा हट्ट मी धरला नाही. मेहुण्याने आरओच्या पाण्याची कल्पना सुचवली होती. त्यात क्षार उरत नाहीत, गप्पीचे हालच. पिल्लावळ टाळायची म्हणून फक्त माद्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, "बधी फिमेल, गॅरंटी." पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवली, थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घातलं, मग मासे जाळीने उचलून आत. पिशवीतलं पाणी मोरीत. आईने दारातच त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. त्या तिने पाण्यात टाकल्या नाहीत, हे तिचे उपकार.

त्या दिवशी सोनं द्यायला जो आला तो आपट्याचं पान हातात धरून टँकपाशी गेला आणि बघतच राहिला. एकाही मासोळीला काही झालं नाही. याबद्दल कुणीही काहीही बोललं नाही. मासे जिवंत आहेत, यात सांगण्यासारखं काय आहे?

दुकानदाराची गॅरंटी खरी निघाली, सगळ्या माद्याच होत्या. पण गप्पीची मादी एका भेटीची बेगमी महिनोन्महिने पोटात साठवून ठेवते आणि साधारण महिन्या-महिन्याने, नराचं तोंडही न बघता, अंडी नव्हे तर थेट पोहणारी पिल्लं देते. दिवाळीनंतर एका सकाळी वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पात्यांत डोळे दिसले. नुसते डोळे. आमच्या मुलीने मोजायला घेतले आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला. मोठ्या माशांनी त्यातली काही खाल्ली, त्यात आयाही होत्या. आईने दोन दिवस टँककडे पाठ करून जप केला.

तेव्हापासून रविवारची सकाळ माझी नाही. नळी तोंडाने ओढून पाणी काढायचं, एकदा तरी घोट पोटात जातोच. चौथा हिस्सा पाणी बाहेर, तेवढंच नवीन आत, थेंब मोजून. काढलेलं पाणी कढीपत्त्याला. नायट्रेट म्हणजे खतच, त्यामुळे कढीपत्ता आता खिडकीच्या वर गेला आहे आणि आईच्या लेखी टँकचा तेवढा उपयोग सिद्ध झाला आहे. थंडीत पन्नास वॅटचा हीटर, मे महिन्यात फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टँकमध्ये तरंगत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे मी बायकोला सांगितलं. फ्रीजरमध्ये आमरस मावत नाही, हे तिने मला सांगितलं.

पिल्लं वाटणं भाग होतं. मी अट घालायचो, की आधी टँक महिनाभर रिकामा चालवा. त्यामुळे कुणी घेईना. भाईंनी अट ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्टीलच्या डब्यात दहा पिल्लं नेली. गच्चीवर त्यांची सिमेंटची जुनी कुंडी आहे, त्यात एके काळी कमळ होतं. पाणी पावसाचं, गर्द हिरवं, वर कडुनिंबाची पानं. फिल्टर नाही, थेंब नाहीत, वही नाही. मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

पावसाळ्यात भाईंनी मला वर बोलावून दाखवलं. कुंडीत गप्पी मावत नव्हते. टपोरे, चमकदार, हात घातला की वर येणारे. डासाची एक अळी नाही. कारण आहे. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ, शेवाळ अमोनिया खातं, पाणी भरपूर, सुरुवातीला मासे मोजके. मी ते सगळं सांगायला तोंड उघडलं. भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "तमे बहु साफ राखो छो ने, एटले." तुम्ही फार स्वच्छ ठेवता ना, म्हणून.