पेज खा नि गोळ्या बंद करा म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवड्यात तो मेसेज तिघांनी टाकला. थोडक्यात असा: जुन्या गोंयकारांना डायबेटिस नव्हता कारण ते पेज खायचे, उकडा तांदूळ शुगर वाढवतच नाही, साखरेऐवजी माडाचा गूळ घ्या, आणि सकाळची उपाशीपोटी शुगर नॉर्मल आली की गोळ्या बंद. शेवटी हात जोडलेले. मला स्वतःला सात वर्षं शुगर आहे, म्हणून गप्प बसवेना.

आधी पेजेचंच बोलूया, कारण ती मलाही सुटत नाही. उकडा तांदूळ पांढऱ्या सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरा, शुगर जरा सावकाश चढते, इथपर्यंत मान्य. पण वाढतच नाही? अरे तांदूळच ना तो! मी घरी मशीनवर बघितलं, दहाच्या सुमाराला दोन वाडगे पेज नि आंब्याचं लोणचं, दोन तासांनी 212. मग दुसऱ्या दिवशी एकच लहान वाडगा आणि बरोबर अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबरं घातलेली आमटी), भाजलेला बांगडा, तर 156. पेज तीच, तांदूळ त्याच डब्यातला. जेवणानंतर दोन तासांनी साधारण 180 च्या आत असावी म्हणतात, म्हणजे किती खाल्ली नि कशाबरोबर खाल्ली यावर सगळं आहे. (हात धुऊन टोचा हां, मानकुराद आंबा खाऊन तसंच बोट टोचलं की आकडा उगाच वर जातो, माझं झालंय.)

जुन्या लोकांचं म्हणाल तर ते पेज खाऊन दिवसभर खाजनात (खाडीकाठच्या शेतात) चिखल तुडवायचे, आपण स्कूटरने पणजीला जाऊन खुर्चीत बसतो. आणि त्यांची शुगर तपासली कोणी होती? आजच्या गोव्याचं बघा, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा 2023 साली आलेला सर्व्हे, डायबेटिस 26.4 टक्के, देशात सगळ्यात जास्त. अख्ख्या देशाचा आकडा 11.4.

गूळ माडाचा असो की उसाचा, शुगर वाढवतोच. चमचाभर गुळातल्या लोहाने काही फरक पडत नाही. पुढे.

गोळ्यांचा भाग मात्र खरंच डेंजर. सकाळची शुगर नॉर्मल आली ती बऱ्याचदा गोळीमुळेच आलेली असते, आणि वर ती फक्त त्या एका वेळेची. माझी उपाशीपोटी 118 होती तेव्हा एचबीए1सी 8.1 निघाला, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी वाईटच होती, दुपारचं शीत-हुमण (भात नि माशाची कढी) तिथे बरोबर पकडलं गेलं. उलटंही होतं, ग्लिमेपिराईडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन एकादशी धरली तर शुगर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर सुटते. तेव्हा मात्र तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. गोळी कमी करायचीच असेल तर वहीत लिहिलेले आकडे घेऊन डॉक्टरकडे जा. आणि इन्सुलिनवाल्यांनी तर असल्या मेसेजच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

हे सगळं ग्रुपवर लिहून मामाला विचारलं, आज पेजेनंतर दोन तासांनी किती आली? निळी टिक दिसतेय, आकडा अजून आलेला नाही.