शेजारी उठाव झालाय? घाबरू नका, लक्ष ठेवा

परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त राजदूतांचं भाषण होतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, मीही एक दिला: श्रीलंका 2022, बांगलादेश 2024, नेपाळ 2025, तिन्ही उठावांच्या वेळी आपण बेसावध कसे? साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "परिस्थितीवर आपलं बारकाईने लक्ष आहे." टाळ्या, आभार, वंदे मातरम्.

म्हटलं, हे एक शास्त्रच आहे, आपल्या वाचकांनाही यायला हवं. उद्या तुमच्या गळ्यात परराष्ट्र खातं पडलं तर?

तर सुरुवात "अंतर्गत बाब" पासून करा. जुलै 2024 मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालत होत्या तेव्हा आपण हेच म्हणालो. ताकास तूर लागत नाही आणि बोलल्यासारखंही दिसतं. फक्त हा शब्द कुठे वापरायचा नाही तेही लक्षात ठेवा. 2015 ला नेपाळने स्वतःची राज्यघटना केली ती काही अंतर्गत बाब नव्हती, तिची आपण नुसती "नोंद घेतली", आणि मग सीमेवर ट्रक आपोआप थांबले. भूकंपाला पाच महिनेही झाले नव्हते, त्यांना ना गॅस ना पेट्रोल. नाकेबंदी आपण केलीच नाही हो, ड्रायव्हर दमले असतील.

परेड चुकवू नका. 27 मार्च 2021 ला म्यानमारच्या लष्कराने एका दिवसात शंभरावर माणसं मारली, त्याच दिवशी त्यांच्या लष्करदिनाच्या संचलनाला आपला प्रतिनिधी हजर होता.

उठाव यशस्वी झाला की परकीय हात शोधा. आपला सापडला तर तो मैत्रीचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकच माणूस धरायचा आणि सोडायचा नाही. बांगलादेश बघा. शेख हसीना पंतप्रधान असताना 2014 च्या निवडणुकीत 300 पैकी 153 जागा बिनविरोध, म्हणजे निम्म्याहून जास्त देशाने मतदानच केलं नाही, आपल्याला काही खटकलं नाही. जानेवारी 2024 ला विरोधकांचा बहिष्कार, आपला अभिनंदनाचा फोन दुसऱ्याच दिवशी. तिथल्या पोरांनी आयुष्यात एक धड निवडणूक बघितली नव्हती आणि त्यांना दिसत काय होतं तर हसीनाबाईंच्या मागे दिल्ली उभी आहे. मग त्या पोरांनी दिल्लीवर प्रेम का करावं? 2024 च्या उठावातल्या मृतांचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात 1,400 पर्यंत जातो, आणि 5 ऑगस्टला देश सोडून बाई उतरल्या कुठे तर दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर. असो, आलेल्याला हाकलायचं नसतं, तेवढं मान्य. पण त्याच सुमारास बांगलादेशातली आपली व्हिसा केंद्रं बंद! कोलकात्याला ऑपरेशनला येणाऱ्या पेशंटने काय घोडं मारलं होतं तुमचं? ज्यांच्याशी बिघडलंय ती माणसं इकडे यावीत, बघावीत, की तिकडेच बसून आपल्याला शिव्या द्याव्यात? आणि वर आपले अँकर स्टुडिओत किंचाळणार की हे कृतघ्न आहेत, 1971 विसरले. अरे, 1971 ला जन्मलीही नव्हती ती पोरं!

नेपाळचं तर काय बोलावं, ऑगस्ट 2025 मध्ये आपले परराष्ट्र सचिव काठमांडूला जाऊन पंतप्रधान ओलींना दिल्लीचं आवतण देऊन आले, 8 सप्टेंबरला तिथे आंदोलनात 19 जण मारले गेले आणि 9 तारखेला ओलीच गेले.

चेष्टा पुरे. संताप याचा येतो की दिल्लीकरांनो, तुम्हाला हे जमतं. फेब्रुवारी 2024 मध्ये श्रीलंकेतले विरोधी नेते दिसानायके यांना तुम्ही दिल्लीला बोलावलंत, तेव्हा तिथल्या संसदेत त्यांचे तीन खासदार होते, फक्त तीन. सप्टेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीलाच आले. मग हेच ढाक्यात करायला कुणी हात धरला होता? 31 डिसेंबर 2025 ला हसीनांच्या कट्टर विरोधक, माजी पंतप्रधान खालिदा झियांच्या अंत्यविधीला आपले परराष्ट्रमंत्री गेले, मुलाच्या हाती पंतप्रधानांचं पत्र दिलं. हीच लगबग त्यांचा पक्ष बहिष्कार टाकून रस्त्यावर होता तेव्हा का नव्हती? वरातीमागून घोडं किती वेळा नेणार? विद्यापीठांत काय शिजतंय, पोरं भिंतींवर काय लिहितायत, हे वाचायला ढाक्यातल्या आपल्या कचेरीत बंगाली येणारा एक माणूस असेलच ना? तो वाचत नसेल तर त्याला परत बोलवा. आणि वाचून वर कळवत होता, तर ते कागद दिल्लीत कोण दाबून बसलं होतं त्याचं नाव सांगा.