कोवळे ऊन म्हणजे बाळाच्या काविळीवरचा उपचार नव्हे

‘कावीळ प्रत्येक नवजात बाळाला होते; कोवळ्या उन्हात धरावे, अधूनमधून पाणी पाजावे, ती आपोआप उतरते, रक्त तपासण्याची गरज नसते,’ असा मजकूर सर्वत्र फिरत आहे. त्यावर विसंबून कोणाच्या बाळाला उशीर होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

कावीळ बहुतेक बाळांना होते हे खरे आहे. पूर्ण दिवसांच्या सुमारे 60 टक्के बाळांमध्ये ती दिसते, कारण जन्मानंतर तांबड्या पेशी झपाट्याने फुटून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि कोवळ्या यकृताला त्याचा निचरा पुरेसा करता येत नाही. ही साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. परंतु पहिल्या 24 तासांतच दिसलेली कावीळ कधीही साधी मानली जात नाही; आई-बाळाचे रक्तगट न जुळणे किंवा जंतुसंसर्ग अशी कारणे तिच्यामागे असू शकतात.

उन्हाच्या समजुतीला एक जुना आधार आहे. 1950च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात परिचारिका जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत, आणि एका बाळाची उघडी त्वचा फिकी पडली असून चादरीखालचा भाग तेवढा पिवळा राहिल्याचे त्यांनी दाखवले. त्यातूनच फोटोथेरपी, म्हणजे बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार, उभी राहिली. तिच्यात प्रकाशाची तीव्रता आणि बाळाचे तापमान मोजता येते. अंगणातल्या उन्हात यातले काहीच हाती नसते, उलट बाळ भाजण्याचा किंवा गारठण्याचा धोका असतो.

पाण्याने बिलिरुबिन उतरत नाही. ते मुख्यतः शौचावाटे बाहेर पडते, म्हणून दिवसातून 8 ते 12 वेळा अंगावर पाजणे हेच उपयोगी. पाण्याने पोट भरले की दूध कमी जाते.

‘तपासणी नको’ हा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण अतिशय वाढलेले बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करते. दिवसाच्या उजेडात बाळाच्या कपाळावर, मग छातीवर बोट हलके दाबून उचलावे आणि खाली उमटणारा रंग पाहावा. सावळ्या त्वचेवर हा अंदाज सहज चुकतो, त्यामुळे रंग फिका वाटला तरी बिलिरुबिनची मोजणी करून घ्यावीच. तळहात-तळपाय पिवळे दिसणे, बाळ सुस्त होणे, दूध न ओढणे, किंचाळल्यासारखे रडणे किंवा अंग मागे ताणणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली आणि शी पांढुरकी होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.