पी. के. आणि बड्या संघाची जर्सी

बंड्याने आपला सर्वकालीन भारतीय फुटबॉल संघ जाहीर केला आणि त्यात प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पी. के., यांना राखीव खेळाडूंमध्ये बसवले, तेव्हाच कट्ट्यावरची ती संध्याकाळ लांबणार हे ठरून गेले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा सामना पाहून आलेली माणसे आधीच तापलेली असतात. त्यात उजव्या विंगला पी. के. नाहीत हे ऐकल्यावर आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि "कारण सांग," एवढेच म्हटले.

बंड्या समोरच्याचे ऐकून घेण्याआधीच आवाज चढवतो, तसा त्याने तो चढवला. "कारण सरळ आहे, आबा. कोलकात्यात राहून ज्याने मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची जर्सी एकदाही अंगावर घातली नाही, त्याला मोठा म्हणायचे कसे? चुनी गोस्वामी मोहन बागानचे, बलराम ईस्ट बंगालचे, आणि हे कुणाचे? ईस्टर्न रेल्वेचे! उद्या आपल्याकडे एखादा एसटी डेपोच्या संघातून खेळेल आणि पाटाकडील किंवा शिवाजी या आपल्या बड्या संघांच्या पोरांशी बरोबरी सांगेल, ती आपण मान्य करणार का?"

"त्याने लीग जिंकली तर करावी लागेल," आबा म्हणाले. "१९५८ साली कलकत्ता लीग कोणी जिंकली, ते तूच सांग."

बंड्याला उत्तर माहीत होते, म्हणूनच तो चुनी गोस्वामींच्या ड्रिब्लिंगकडे वळला. आबांनी त्याला वळू दिले नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांच्या हातून ती लीग १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने काढून घेतली, आणि त्यानंतर या तिघांबाहेरचा विजेता यायला, म्हणजे पीअरलेसने ती जिंकायला, २०१९ साल उजाडावे लागले. बड्या संघात जाऊन विजेतेपद मिळवणे आणि रेल्वेच्या नोकरदार खेळाडूंना घेऊन बड्या संघांना मागे टाकणे, यांतले दुसरे काम अधिक कठीण आहे असे मला मनापासून वाटते. त्या काळात फुटबॉलवर घर चालत नव्हते. जमशेदपूरला वाढलेल्या आणि पंधराव्या वर्षी बिहारकडून संतोष ट्रॉफी ही राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या पोराने पक्की नोकरी धरून ठेवली, यात त्याच्या खेळाला कमीपणा आणणारे काहीही नाही.

दाजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारले, "संघ भारताचा निवडतोयस की कोलकात्याचा? भारताचा निवडत असशील तर भारताकडून काय केले ते बघ."

इथून पुढे बंड्याची बाजू ढासळत गेली. पी. के. १९५५ मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळले. पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत गाजलेल्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली, त्या संघातही ते होते आणि भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते. फ्रान्सविरुद्ध त्यांनीच गोल केला, आणि शेवटच्या काही मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली नसती तर तो विजय आज शाळेच्या पुस्तकात असता.

पण खरा मुद्दा जाकार्ताचा, आणि तो आबांनी मांडला. १९६२ च्या एशियाडमध्ये इस्रायल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारला, त्याला भारताचे क्रीडा संघटक सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि सगळे स्टेडियम भारतीय संघाच्या विरोधात गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले होते. अंतिम फेरीत पुन्हा तेच कोरियन समोर होते, गोलरक्षक थंगराज आजारातून उठून उभे होते, आणि डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी आघाडीवर आणले होते. प्रेक्षकांच्या त्या आरडाओरड्यात भारताचा पहिला गोल पी. के. यांनी केला, लगेच दुसरा जर्नेल सिंग यांनी, आणि भारत २-१ असा जिंकला. त्यानंतर एशियाडमधले फुटबॉलचे सुवर्ण भारताच्या वाट्याला आलेले नाही.

"आता सांग," आबा म्हणाले, "त्या दिवशी अंगावर कोणती जर्सी होती?"

बंड्याने तरीही हार मानली नाही. पी. के. मोठे झाले ते प्रशिक्षक म्हणून, असे तो आता म्हणू लागला. १९७५ च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने लोळवले, १९७७ मध्ये पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला मोहन बागानने ईडन गार्डन्सवर २-२ असे रोखले, १९९७ मध्ये सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून अधिक माणसांसमोर मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची डायमंड पद्धत ईस्ट बंगालपुढे ४-१ ने कोसळली. या तिन्ही वेळी बाकावर पी. के. होते, हे सगळे त्याने स्वतःच मोजून दाखवले.

"वा," आबा म्हणाले. "म्हणजे ज्याला दोन्ही संघांना खेळाडू म्हणून मिळवता आले नाही, त्याचे बोल ऐकून दोघेही मैदानात उतरले. तुझ्या बड्या संघांनाच तो मोठा वाटला, बंड्या. तुला तेवढा वाटत नाही."

यावर खरे तर वाद संपायला हवा होता, पण दाजींनी बलरामांचा विषय काढला आणि कट्टा गंभीर झाला. त्याच आघाडीच्या फळीतला हा सिकंदराबादचा खेळाडू रोममध्ये हंगेरी आणि पेरू या दोघांविरुद्ध गोल करून आला, आणि १९६३ मध्ये, सत्तावीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, आजारपणामुळे त्याचा खेळ सुटला. चुनी यांना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली, पी. के. यांना १९९० मध्ये. बलरामांना ती मिळालीच नाही, आणि २०२३ मध्ये ते ही खंत घेऊन गेले. पी. के. आणि चुनी २०२० मध्ये दीड महिन्याच्या आत एकापाठोपाठ गेले, तेव्हा या तिघांतले ते एकटेच मागे राहिले होते. हा अन्याय आहे, आणि पी. के. यांच्या बाजूने बोलतानाही तो मला विसरता येत नाही.

बंड्याने त्यावर तोडगा सुचवला: पी. के. यांना आत घेतो, बलरामांना बाहेर काढतो. चारही बाजूंनी त्याच्यावर इतके लोक एकदम तुटून पडले की शेजारच्या पानपट्टीवाल्यानेही त्याला दोन शब्द ऐकवले.

शेवटी दाजींनी जुने प्रकरण उकरून काढले. "अरे, तू तरी काय केलेस? कारखान्यात नोकरी लागली तशी पेठेची जर्सी उतरवलीस आणि दोन सीझन कारखान्याच्या संघातून विंगला खेळलास. तेव्हा तुझा खेळ कमी झाला होता का?"

बंड्या क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही दाजी. तो आधीपासूनच कमी होता."

आबांना इतके हसू आले की कपातला उरलेला चहा त्यांच्या धोतरावर सांडला, आणि उजव्या विंगला कोण याचा निकाल बंड्याच्या तोंडून त्या दिवशी काही लागला नाही.