रात्री दीडचा खोकला

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतनं आमचं पोरगं तीन गोष्टी घेऊन आलं: फुगा, पिपाणी आणि खोकला. फुगा होम मैदानावरच फुटला, पिपाणी बायकोनं दुसऱ्याच दिवशी लपवली. खोकला तेवढा टिकाऊ निघाला.

साडेतीन वर्षांचा हा इसम दिवसभर ठणठणीत. रात्री पाठ टेकली की सुरू. आडवं झालं की नाकातलं घशात उतरतं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. आवाज रेकॉर्ड करून आणा म्हणाले. डांग्या खोकल्यात उबळीनंतर श्वास घेताना 'हूप' वाजतं, स्वरयंत्राला सूज असली की कुत्रं भुंकल्यासारखं. रात्री दीडला मी मोबाईल रोखला, तर पोरानं खोकणं थांबवून पोज दिली.

शेवटी दवाखान्यात मीच खोकून दाखवलं. बाकावरच्या आज्जींनी आपला नातू माझ्यापासून लांब ओढला.

निदान झालं: साधी सर्दी, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. चिठ्ठी कोरीच.

"एखादी बाटली तरी लिहा की!"

"पाच वर्षांखाली खोकल्याचं औषध शक्यतो नकोच. २०२५च्या ऑक्टोबरात केंद्रानंही तसं कळवलंय. झोपताना अर्धा चमचा मध द्या. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मात्र मध अजिबात नाही. आणि पाणी भरपूर पाजा."

सोलापुरात भरपूर पाणी सांगणारा माणूस धाडसीच म्हणायचा.

फी देऊन मधाचा सल्ला आणला म्हटल्यावर अख्ख्या बिल्डिंगनं केस हातात घेतली. खालच्या काकू तव्यावर तापवलेली ओव्याची पुरचुंडी घेऊन हजर. ती आधी माझ्याच हाताला चटकली, पोराला लावायचं तिथंच राहिलं. मित्र म्हणाला, "डॉक्टर बदल की बे!" आईनं फोनवरून शेंगाचटणी बंद करायला सांगितली. हे ऐकून पोरानं जो गळा काढला, त्यात खोकला ऐकूच येईना.

डॉक्टरांनी निघताना एक काम दिलं होतं. झोपेत मिनिटभर छाती बघायची. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, नाहीतर बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, तर रात्र असो की दिवस, थेट घेऊन यायचं.

तेव्हा दीड वाजता चादर हळूच खाली ओढून, घड्याळाकडं एक डोळा ठेवून मी मोजायला बसलो. खड्डा नव्हता. बावीस, तेवीस...

"चोवीस, पंचवीस, बारा!" चादरीतनं आवाज आला. "बाबा, तुम्ही चुकला. परत एकपासून."