बाबागाडी घ्यायच्या आधी जिना मोजा

आमच्या गॅलरीत 11 किलोची एक बाबागाडी उभी आहे. सध्या तिच्यावर दुपटी वाळतात.

थोरलीच्या वेळी मला सातवा महिना होता, तेव्हा मॉलमध्ये जाऊन घेतलेली. तिथल्या गुळगुळीत फरशीवर नवऱ्याने ती एका बोटाने ढकलली आणि आम्ही दोघंही विरघळलो. दोन्हीकडे फिरणारी सीट, खाली ही मोठी टोपली, चहाचा कप ठेवायला जागा! आपण कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो हे त्या अर्ध्या तासात एकालाही आठवलं नाही.

नंतर रोजचं ठरलेलं. आधी गाडी खाली ठेवून यायची, मग वर जाऊन बाळाला घ्यायचं, पिशवी घ्यायची, कुलूप लावायचं. खाली येईपर्यंत गाडीत सोसायटीचं मांजर पसरलेलं. दोन महिन्यांत मी थोरलीला कडेवर घेऊनच निघायला लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या. ते जास्त लागलं.

आता धाकटा चार महिन्यांचा आहे, थोरली पावणेतीन वर्षांची. विषय पुन्हा निघाला. न्यू जर्सीहून नणंदेचा फोन, "वहिनी, डबल स्ट्रोलरच घे, दोघं एकदम बसतात." तिचं तिथे बरोबरच आहे. तिच्याकडे गॅरेज आहे, मोठी डिकी आहे, आणि फुटपाथ संपतो तिथे उतार असतो. आमच्याकडे फुटपाथ संपतो तिथे वीतभर उंचीची पायरी असते आणि पायरीच्या खाली पाणीपुरीची गाडी. शेजारी-शेजारी सीट असलेल्या गाड्यांची रुंदी साधारण अडीच फूट. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथवर जे खांब रोवलेत, त्यांच्यामधून ती जाईल का, हे एकदा टेप घेऊन बघा. एकामागे एक सीटवाली अरुंद असते खरी, पण ती वळवताना बैलगाडी वळवल्यासारखं वाटतं.

माझं स्पष्ट मत: जुळी असतील किंवा दोघांत जेमतेम वर्ष-दीड वर्षाचं अंतर असेल तरच डबल घ्या. पावणेतीन वर्षांचं मूल गाडीत बसवलं की "मला चालायचंय" आणि चालायला लावलं की "मला बसायचंय". तिच्यासाठी मागे उभं राहायची चाकांची फळी मिळते, ती पुरते. फक्त आपल्या गाडीला ती बसते का हे आधी बघायचं, सगळ्यांना बसत नाही.

दुकानदार रंग दाखवतो, तुम्ही पाठ किती मागे जाते ते बघा. बाळाने मान धरलेली नसेल तर पाठ जवळजवळ सपाट व्हायलाच हवी. त्या सुटसुटीत, छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाड्या बहुतेक करून बसायला लागलेल्या बाळांसाठी असतात. ही कल्पना ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान अभियंत्याची. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला हा माणूस. लेक नातवंडाला घेऊन आली, तिच्या अवजड प्रॅमचे हाल बघितले आणि याने 1965 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची पावणेतीन किलोच्या आसपास वजनाची गाडी तयार केली. एका हातात मूल, दुसऱ्या हातात गाडी. आमच्या जिन्यावरून चढला असता तर आणखी लवकर सुचलं असतं त्याला. पण याच नावाच्या गाड्यांच्या बिजागरीत मुलांच्या बोटांना इजा झाल्या आणि 2009 मध्ये अमेरिकेत सुमारे 10 लाख गाड्यांवर सुधारणा करायची वेळ आली. म्हणून गाडी उघडता-मिटताना मूल हातभर लांब. थोरलीला तर मी भिंतीला पाठ लावून उभी करते.

खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे पाच पट्टे हवेत. जुनी गाडी घेत असाल तर कापड धुता येतं, ब्रेक आणि पट्ट्यांचं बक्कल मात्र तिथेच तपासा. पुढची चाकं खडबडीत रस्त्यावर सरळ लॉक होतात का तेही, नाहीतर पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती आडवी होतात आणि गाडी जागच्या जागी नमस्कार घालते. आणि दांडीला पिशवी अडकवायची नाही! मी भाजीच्या गाडीपाशी थोरलीला उचललं आणि मागच्या पिशवीच्या वजनाने बाबागाडी उताणी. टोमॅटो रस्ताभर. मूल आत असतं तर, हा विचार मला अजून रात्री येतो.

ऊन लागू नये म्हणून वरून दुपटं टाकायची सवयही सोडा. आत हवा कोंडते आणि बाळ उकडून निघतं. टप मोठा असलेली गाडी घ्या, बाकी उन्हात निघूच नका.

शेवटी आम्ही 6 किलोची, एका हाताने मिटणारी, पाठ सपाट होणारी गाडी घेतली. टोपली एवढीशी आहे, कप ठेवायला जागा नाही. परवा वनाझहून मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यानाला गेलो. स्टेशनात लिफ्ट आहे, आणि जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर गाडी खरंच मॉलसारखी चालली. असा फुटपाथ घराजवळ असता तर व्हीलचेअरवरच्या आमच्या तळमजल्याच्या आजोबांनाही सोसायटीच्या गेटबाहेर पडता आलं असतं. परतताना जिना मी चढले: डाव्या हातावर धाकटा, उजव्या हातात गाडी. थोरली मागून पायऱ्या मोजत होती, तेरानंतर एकदम सतरा.

गॅलरीतली 11 किलोवाली चांगल्या स्थितीत आहे. तळमजल्यावर राहणाऱ्या कुणाला हवी असेल तर सांगा, फुकट देते. फक्त दुपटी वाळू देत.